पेलेट न फेकणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. न विचारता लिहिणं बरं दिसलं नसतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका इन्स्ट्रुमेंट रूममध्ये कूलिंग सेंट्रिफ्यूज (नमुने गार ठेवून गरागरा फिरवायचं मशीन) सांभाळणारे दादा, एवढी ओळख पुरे. तिथे ज्यांनी कधी रोटर, म्हणजे ट्यूब ठेवायचा फिरता भाग, लावलाय त्यांना लगेच कळेल.

हे पत्र ट्यूबच्या अंगावर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेल्या 'पेलेट. फेकू नये' एवढ्या मजकुरासाठी आहे. नमुने फक्त फिरवून द्यायचे होते. वरचं द्रव, म्हणजे सुपरनेटंट, परत द्यायचं, खाली बसलेला गाळ, म्हणजे पेलेट, बायोवेस्टच्या पिशवीत टाकायचा, हा सगळीकडचा रिवाज. फॉर्मवर रकानासुद्धा सुपरनेटंटचाच. तरी तुम्ही पेलेट उणे ८० च्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

याची किंमत कळायची तर आधीचा रिपोर्ट वाचायला हवा. पैसे मोजून जेल चालवून घेतलं (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून, हवं ते त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधायची चाचणी), तिथून एका ओळीत उत्तर आलं: 'केराटिन ८ आढळले नाही'. केराटिन ८ हे अस्तराच्या पेशींतल्या तंतूंचं प्रोटीन. आतड्याच्या अस्तरातून आलेल्या पेशी, आणि त्यांत तेच नाही! फोनवर विचारलं तर 'अँटिबॉडी बदलून बघा' म्हणाले. किट विकायला आलेल्या गृहस्थांना तर नवं किट हाच सगळ्यावरचा इलाज वाटत होता. पेलेटचं काय केलं, हे एकानेही विचारलं नाही. पुरणाचा कट गाळून घ्यायचा, खालची डाळ मोरीत ओतायची आणि मग सांगायचं की घरात डाळच नाही, त्यातली ही तऱ्हा.

प्रोटीन पेशीत आहे की नाही आणि ते अमुक बफरमध्ये, म्हणजे द्रावणात, विरघळतं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डिजिटोनिन या सौम्य डिटर्जंटने, ०.०१ ते ०.०२ टक्के इतक्या पातळ, पेशीच्या बाहेरच्या पटलाला भोकं पडतात आणि सायटोसोल, म्हणजे पेशीतलं द्रव, निथळून येतो. मग ०.५ ते १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे दुसरं डिटर्जंट दिलं की पटलांतली आणि आतल्या अंगकांतली बरीच प्रोटीन सुटतात. केराटिन ८ मात्र त्याच्या जोडीदाराला, केराटिन १८ ला, मिठी मारून सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंत गुंफलेलं असतं. ट्रायटन चरबी विरघळवतं, हे तंतू सोडवत नाही. वरच्या द्रवात येतो तो अगदी थोडा भाग. उरलेलं सगळं तळाशी, न्यूक्लिअस आणि डीएनएच्या चिकट गोळ्यात. तो गोळा फेकून 'आढळले नाही' लिहायला विद्या लागत नाही.

आता तुमच्या त्या पेन्सिलीबद्दल. ट्यूबच्या झाकणावर मार्करने लिहायची आपल्याकडे सवय. बेंच पुसायचं ७० टक्के अल्कोहोल एकदा लागलं की अक्षरं गायब, आणि सुट्या झाकणाची ट्यूब असली तर झाकणंच अदलाबदल होतात. तुम्ही लिहिलंत ट्यूबच्या बाजूच्या खरखरीत पट्ट्यावर, पेन्सिलीने, आणि वरून पारदर्शक टेप. शिवाय ट्यूबची बिजागरी रोटरमध्ये बाहेरच्या बाजूला ठेवली होती. हे ज्याने पेलेट हरवलंय त्यालाच कळतं: ट्रायटननंतरचं पेलेट पांढरंशुभ्र दिसत नाही, कधीकधी काचेसारखं पारदर्शक असतं, पण बिजागरी बाहेर असली की ते त्याच बाजूच्या भिंतीला बसलंय हे न बघताही ठाऊक असतं. पिपेटचं टोक समोरच्या बाजूने घालता येतं.

आणि तुम्ही वेग 'जी' मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, असा लिहून दिलात. १४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे ८.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये सुमारे १८,४०० जी, १० सेंटिमीटरच्या रोटरमध्ये जवळजवळ २१,९००. नुसते आरपीएम लिहिणाऱ्यांचे 'विद्राव्य' आणि 'अविद्राव्य' भाग एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, हे मोठ्या पदव्यांच्या लोकांना सांगावं लागतं.

तुम्ही ठेवलेलं ते पेलेट पुढे कसं उलगडलं हेही सांगायला हवं, कारण त्यात एक खड्डा आहे. केराटिनसाठीचा नेहमीचा हाय-सॉल्ट बफर म्हणजे १.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, सोबत १४० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर ईडीटीए, ०.५ टक्के ट्रायटन. याने अ‍ॅक्टिन आणि इतर सोबती निघून जातात, तंतू राहतात. पण पोटॅशियम मागे उरलं आणि वर एसडीएसचा (प्रोटीन उलगडणाऱ्या डिटर्जंटचा) सॅम्पल बफर ओतला, तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका तिथल्या तिथे खाली बसतो. लोक त्याला प्रोटीनच समजतात, उकळत बसतात, जेलमधल्या लेन (दर नमुन्याचा उभा पट्टा) वाकड्या येतात. म्हणून मधे सोडियमवाल्या ट्रिस बफरने दोनदा धुणं. पीबीएस या मिठाच्या नेहमीच्या बफरनेही नको, त्यात थोडं पोटॅशियम असतंच.

धुतल्यावर एसडीएस सॅम्पल बफर. तो पडताच डीएनए सुटून ट्यूबमध्ये शेंबडासारखी तार येते. ती तशीच जेलच्या विहिरीत घातली तर बँड, म्हणजे प्रोटीनची आडवी रेघ, खाली ओघळत जातो. २६ गेजच्या सुईतून काही वेळा ओढून सोडलं, किंवा बर्फात ठेवून सोनिकेटरचे छोटे झटके दिले, की पातळ होतं. न्यूक्लिएझ, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, वापरायचं असेल तर ते एसडीएसच्या आधी, मॅग्नेशियम घालून. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, ते भरपूर असेल तर एन्झाइम नुसतं बसून राहतं. मग ९५ अंशांवर पाच मिनिटं आणि १० टक्के जेल. ५३-५४ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं माप) ठसठशीत बँड, आणि खाली ४८ च्या आसपास १८ नंबरचा जोडीदार. दोन्ही पेलेटच्या लेनमध्ये. ट्रायटनच्या लेनमध्ये नुसती सावली.

कुणी शंका काढेल की केराटिन तर आपल्या त्वचेतून आणि केसांतूनही पडतं. बरोबर. सिल्व्हर स्टेनमध्ये (चांदीने जेल रंगवल्यावर) ६० किलोडाल्टनच्या आसपास दिसणारे नकोसे बँड बहुतेक वेळा त्याचेच. पण ती त्वचेची केराटिन, १, २, ९ आणि १० नंबरची, आकाराने मोठी. ८ आणि १८ ची अँटिबॉडी त्यांना ओळखत नाही. शिवाय रिकाम्या बफरची एक लेन चालवली की सोक्षमोक्ष लागतो. ती लेन त्या रिपोर्टात नव्हती, हेही जाता जाता.

लेनमध्ये किती भरायचं याबद्दल मत ठाम आहे: दर भागाचे समान मायक्रोग्रॅम भरू नयेत, समान पेशींइतका भाग भरावा. सायटोसोलमध्ये प्रोटीन ढीगभर, पेलेटमध्ये कमी. दोन्हीकडून २० मायक्रोग्रॅम घेतलं तर पेलेटचा बँड उगाच फुगतो. आणि भाग खरंच वेगळे झालेत का, हे जीएपीडीएच (सायटोसोलचं), कॅलनेक्झिन (पटलांचं) आणि हिस्टोन एच-३ (न्यूक्लिअसचं) या खुणेच्या प्रोटीनांनी तपासावं. एच-३ सायटोसोलच्या लेनमध्ये दिसला तर न्यूक्लिअस आधीच फाटले होते, पुढचं बोलूच नये.

दादा, या सगळ्यात तुमचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही. मशीनच्या नोंदवहीत रोटरचे तास लिहिले जातात, रोटर लावणाऱ्याचा विचार नाही. ज्यांना बिल पाठवायचं होतं त्यांनी बिल पाठवलं, आणि ज्याला काही मिळायचं नव्हतं त्याने दुसऱ्याच्या नमुन्याची काळजी घेतली. ही काळजी कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत कितीतरी लॅब अशा माणसांवर चालतात: ऑटोक्लेव्हचं पाणी बघणारे, लाइट गेली की धावत जाऊन फ्रीजरचं दार कुणी उघडू नये म्हणून चिठ्ठी लावणारे. साधा चांगुलपणा म्हणतात तो हाच, आणि तो फार दुर्मीळ नाही. त्याची पावती फाडणं दुर्मीळ आहे.

लेख छापायला जाईल तेव्हा आभारांच्या परिच्छेदात तुमचं पूर्ण नाव असावं अशी इच्छा आहे. तुमची हरकत नसेल तर स्पेलिंग तेवढं कळवा, आधार कार्डावरचं नको, तुम्हाला आवडतं ते.

आपले,
त्या ट्यूबचे मालक

ता. क. युरियातले नमुने उकळत का नाहीत, असं तुम्ही निघता निघता विचारलं होतं, आणि लिफ्टच्या दारात उत्तर अर्धंच राहिलं. युरिया पाण्यात हळूहळू सायनेटमध्ये मोडतं, ३७ अंशांच्या वर भराभर. ते सायनेट प्रोटीनच्या लायसिनला चिकटतं आणि त्याचा धन भार जातो. साध्या एसडीएस जेलवर फारसं कळत नाही, पण टू-डी जेलवर (आधी भारानुसार, मग आकारानुसार वेगळं करणाऱ्या) एका ठिपक्याची आम्ल बाजूला सरकत गेलेली माळ दिसते. म्हणून ८ मोलर युरिया ताजंच करायचं: १०० मिलिलिटरला ४८ ग्रॅम, पाणी सुरुवातीला ५० मिलिलिटरच, कारण युरियाच बरीच जागा खातं. विरघळताना बाटली गार पडते, तेव्हा हॉटप्लेटचा मोह होतो. तो आवरायचा, कोमट पाणी पुरतं. आणि बर्फातही ठेवायचं नाही, थंडीत त्याचे खडे होतात. तेव्हा पुढच्या खेपेला आम्ही रोटर चारऐवजी २० अंशांवर मागितला तर नवल वाटू देऊ नका.