पूर्वेच्या दरवाजाबाहेर

नाशिकरोड,
२६ फेब्रुवारी

प्रिय मिल्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस, आणि मी मुद्द्यावर यायच्या आत तुझ्याकडे कुकरची तिसरी शिट्टी होते. म्हणून पत्र. आपण दहावीनंतरच्या सुट्टीत एकमेकांना लिहायचो तसं, लांबलचक. वाचायला कंटाळा आला तर रविवारपर्यंत ठेव, पण वाच.

जळगावची सुमनमावशी आलीय. अठ्ठ्याहत्तरची झाली, दोन्ही गुडघे बोलतात, पण तिची यादी तयार होती: गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीत, पाय बुडवायचे, काळाराम, सीतागुंफा, आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबक. "तुम्ही नाशिकचे लोक देवळाच्या भिंतीला पाठ लावून भेळ खाता आणि आम्ही जळगावहून नवस बोलतो," हे तिचं नेहमीचं. खोटं नाही. मी शेवटचा काळारामात कधी गेलो होतो ते मला आठवेना. मंगळवारी रजा टाकली आणि निघालो. मावशी, आमची ही आणि मी.

पंचवटीत सध्या कुंभाची कामं चालू आहेत. जिकडे बघावं तिकडे खोदलेलं, पत्रे लावलेले. रिक्षावाल्यानं मालेगाव स्टँडलाच सोडलं, "पुढं गाडी जात नाही, काका." काका! असो. रामकुंडावर उतरतोय न उतरतोय तोच एकानं मावशीला गाठलं. "आजी, अस्थी आणल्यात का?" मावशी म्हणाली, "आणल्यात, पण अजून माझ्या अंगातच आहेत." तो माणूसच हसला आणि निघून गेला. पाणी गुडघ्याएवढं, फार स्वच्छ म्हणवत नाही. तिनं ते डोळ्यांना लावलं, मी तोंड फिरवलं. दुतोंड्या मारुतीला हार कुठल्या तोंडाला घालायचा, यावर पाच मिनिटं गेली. मी तिला सांगितलं, हा आमचा पूर मोजायचा मारुती; गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एवढंच विचारतं, कमरेला लागलं की गळ्याला? २०१९ च्या ऑगस्टात तर सगळेच मोबाइल काढून याच्याकडे बघत उभे होते. कपालेश्वराच्या पायऱ्या तिला झेपल्या नाहीत. शंकरापुढे नंदी नसलेलं देऊळ आहे, एवढं खालूनच सांगितलं. तिनं खालूनच हात जोडले.

आणि मग काळाराम. आता नीट ऐक.

मावशीच्या पायात डॉक्टरांनी दिलेल्या खास चपला. साखर आहे तिला, तळव्यांची आग होते, म्हणून जाड मऊ तळाच्या, अडीच हजारांच्या. पूर्वेच्या दरवाजाशी आलो, तिनं चपला काढल्या आणि तिथली ती चपलांची रास बघून तशीच उभी राहिली. "इथं ठेवायच्या? नाही बाई. अव्या, तू थांब यांच्यापाशी. आम्ही दोघी जाऊन येतो, मग तू जा." मी म्हटलं, ठीक. बाजूला एका दुकानाच्या ओट्यावर बसलो, चपला मांडीशी ओढून घेतल्या. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं, ही तर तुझी जागा.

आठवतंय? सातवी-आठवीत आपण रविवारी नाशिकरोडहून बसनं यायचो. मी, तू, बाळ्या आणि तो उंच घारे डोळे असलेला, ज्याचे वडील रेल्वेत होते. गंगेवर हुंदडायचं, भेळ खायची, आणि आईनं बजावलेलं असायचं म्हणून काळारामाला जाऊन यायचं. तू दर वेळी म्हणायचास, "जा रे तुम्ही, मी चपला सांभाळतो." दर वेळी. आम्हाला ती मोठी सोय वाटायची. एकदा बाळ्याचे नवे स्लीपर गेले होते ना दुसऱ्या देवळातून, तेव्हापासून तर तुझं हे काम ठरूनच गेलं. मी बाहेर येऊन तुझ्या हातावर प्रसाद ठेवायचो आणि तू तो समोरच्या हारवालीच्या बकरीला घालायचास. मी चिडायचो, देवाचा प्रसाद बकरीला देतो म्हणून. तू म्हणायचास, "तिला आवडतो." एवढंच. आणि आपण बसस्टॉपकडे पळायचो.

चार वर्षं तरी हे चाललं असेल. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की विचारावं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं ते असं आहे.

मला कळलं ते गेल्या वर्षी, तुझे बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलो होतो तेव्हा. तू पाहुण्यांत होतास. काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी त्यांच्यापाशी बसलो. बाबांच्या प्रेसमधल्या नोकरीच्या, नोटा मोजायच्या मशीनच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यातून आजोबांचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, "मामंजी अठरा वर्षांचे होते. दिंडोरीकडून दादासाहेबांच्या माणसांबरोबर चालत आले होते. काळारामाच्या दारात बसले होते." मी म्हटलं, कोण दादासाहेब? काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यभर विसरणार नाही. "गायकवाड," म्हणाल्या. जन्म नाशिकात, शाळा नाशिकात, आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटल्यावर मला फक्त मुंबई नाक्याजवळचं सभागृह आठवतं, जिथं आपण साड्यांच्या सेलला बायकांच्या पिशव्या धरून उभे होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी वाचायला बसलो. तुला हे सगळं पाठ असेल, तरी लिहितो, कारण मला ते माझ्या हातानं एकदा लिहायचंय. २ मार्च १९३०, रविवार. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळात घेत नव्हते, त्यांचा काळारामाचा सत्याग्रह. बाबासाहेब स्वतः हजर. हजारो माणसांची मिरवणूक देवळाकडे निघाली, आणि दारं आतून लावून घेतलेली. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या पाडून चारही दरवाजांसमोर लोक बसले. बायकाही होत्या. पोलिसांचा पहारा. आणि हे एक-दोन दिवसांचं नव्हे, बरं का. थांबत, पुन्हा सुरू होत, पाच वर्षं. आपण ज्या वयात बारावीला बसतो त्या वयाच्या मुलानं तिथं जाऊन बसायचं, घरी म्हातारी एकटी, आणि गावात परत गेल्यावर विहिरीपासून कामापर्यंत काय काय बंद होईल याची पूर्ण कल्पना असताना.

एप्रिलमधली रथाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आपण रथ कितीदा बघितलाय, चैत्रातल्या एकादशीला! तो देवाकडे तोंड करून अख्खा मार्ग उलटा चालणारा मानकरी, गुलाल, गर्दीत आपले हरवलेले रुमाल. त्या वर्षी असं ठरलं होतं म्हणे की दोन्हीकडच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा. आणि ऐन वेळी, सत्याग्रहींनी दोर धरायच्या आत, सवर्णांनी रथ पळवला. दगड आले. बाबासाहेबांनाही लागले. ज्या दोराला मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून वाकून हात लावला, तोच हा दोर. म्हणजे तोच नव्हे, बदलला असेल कितीदा. पण तू समजलास.

आणि पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, इथून दोन तासांवर, बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. काकू म्हणाल्या, आजोबा येवल्यालाही गेले होते. पुढे कायदा झाला, देऊळ सगळ्यांना उघडं झालं. गावातले कुणी त्यांना म्हणाले, चला आता, दर्शन घेऊन येऊ. आजोबा म्हणाले, "मला राम बघायचा नव्हता. दार बघायचं होतं, उघडतं का." आणि गेले नाहीत. कधीच नाहीत. तुझे बाबा नाहीत. तू नाहीस.

हे सगळं मला गेल्या वर्षीपासून ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं, आणि त्या ओट्यावर मांडीशी चपला घेऊन बसणं वेगळं. बाहेरून ते दार किती उंच दिसतं रे! आम्ही आत पळायच्या घाईत असायचो, मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. दगडी चौकट, लाकडी फळ्या, त्यावरचे लोखंडी खिळे. उंबऱ्याचा दगड मधोमध खोलगट झालाय, इतके पाय पडून. कडेला मात्र तो घडवल्यासारखा चौकोनी आहे. मी त्या कोपऱ्याकडे बघत बसलो. बसणारे लोक कडेलाच बसले असतील ना?

समोर एक बाई तुळशीच्या माळा ओवत होती. बकरी नव्हती.

अर्ध्या तासानं मावशी आली, डोळे पुसत. "काय रूप आहे रे! काळंभोर. जा, जा." चपला तिच्या हवाली करून मी आत गेलो. आणि मिल्या, खोटं कशाला सांगू, आत गेल्यावर मला छानच वाटलं. ते देऊळ आहेच तसं. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर, त्यांनी बांधलं. बारा वर्षं लागली आणि तेवीस लाख खर्च आला, असं सगळेच सांगतात. काळा दगड रामशेजवरचा. ज्या रामशेजनं मोगलांना पाच-साडेपाच वर्षं दाद दिली नाही, त्याचाच. उन्हात तो दगड काळा दिसत नाही, निळसर दिसतो, पावसाआधीच्या ढगासारखा. सभामंडप मुख्य देवळापासून सुटा, चारी बाजूंनी मोकळा, त्यात हात जोडून उभा मारुती, नजर थेट गाभाऱ्याकडे. तिथं एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून पेंगत होते, मांडीवर उघडी पोथी. राम, सीता, लक्ष्मण, तिघंही काळे. मी हात जोडले. जोडावेसे वाटले, जोडले. यावर तू काय म्हणशील ते मला माहीत नाही, पण तुझ्यापासून लपवावं असं हे वाटत नाही.

मग मात्र मी एक गोष्ट केली. बाहेरच्या ओवऱ्यांना धरून आतून फेरी मारली आणि चारही दरवाजे बघितले. एक तर जवळजवळ बंदच, आडणा लावलेला, पुढे कसलीतरी पोती. आतून दार कसं दिसतं, आणि ते धरून उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचा आवाज किती ऐकू येत असेल, असले विचार. पोत्यांवर मांजर झोपलं होतं. आजोबा कुठल्या दारात होते ते काकूंना विचारायचं राहिलं. तू विचारून ठेवशील?

घरी येताना मावशी विचारत होती, "एवढा वेळ काय करत होतास आत?" मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं विषय बदलेल. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आमच्या गावात मारुतीच्या पाराखाली बसायचे ते लोक. लांबून नमस्कार करायचे. आम्ही पोरी पारावर. मला वाटायचं, त्यांना लांबूनच आवडतं." मग खिडकीबाहेर बघत राहिली. द्वारका सर्कलला ट्रॅफिक तुंबला होता, तिथं अर्धा तास गेला, कुणी काही बोललं नाही. त्र्यंबकला दुसऱ्या दिवशी गेलो, तीन तास रांग, पुढं ढकलाढकल, गाभाऱ्याबाहेरच्या आरशात पिंडीचं दर्शन, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कुशावर्तावर मावशीनं पुन्हा पाणी डोळ्यांना लावलं. चपला सांभाळायला मीच.

सोमवारी २ मार्च आहे. शहाण्णव वर्षं होतील. तू दर वर्षी त्या दिवशी काही करतोस का, हेही मला माहीत नाही, बघ. पन्नास वर्षांची दोस्ती आणि असल्या गोष्टी विचारायच्या राहून गेल्यात.

मे महिन्यात नागपूर भट्टी झाली की तू काकूंना घेऊन इकडे येतोसच. एक संध्याकाळ पंचवटीत जाऊ. आत यायला मी तुला सांगणार नाही, आणि मी गेलो नाही तर तूही मला विचारू नकोस. त्या ओट्यावर बसू. भेळ घेऊ. चपला पायातच राहू देत.

आणि एक खरं सांग. ती बकरी प्रसाद खरंच आवडीनं खायची का रे?

तुझा,
अव्या

ता. क. मावशीनं काकूंसाठी कळण्याचं पीठ दिलंय, दोन किलो. बाळ्याचा मुलगा बारा तारखेला नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. घरी कुणीतरी थांबा.