सुट्टीच्या वाचनयादीत पुस्तकाचा पत्ताही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘या सुट्टीत काय वाचताय?’ हे सदर सुरू होते. लेखक, नट, शिक्षक आणि वाचक आपापली पुस्तके सांगतात. सदर फार मोलाचे आहे. त्याचा परिणाम वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर त्याच आठवड्यात दिसतो, लोक कात्रण हातात घेऊन येतात. अडचण पुढे सुरू होते. कात्रणात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव असते, बाकी काही नसते, आणि तेवढ्यावर वाचकाला हवे ते पुस्तक मिळेलच असे नाही. म्हणून विनंती अशी, की प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली आणखी चार गोष्टी छापाव्यात: प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, पृष्ठसंख्या, आणि पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचे नाव. जागा जेमतेम एका ओळीची लागते.

अनुवादकाचे नाव सर्वांत आधी गळते आणि सर्वांत जास्त घोटाळा त्यानेच होतो. एकाच परकीय पुस्तकाचे मराठीत दोन-तीन अनुवाद असतात, कधी वेगवेगळ्या नावांनी. त्यातला एखादा पूर्ण, एखादा निम्म्याहून कमी. यादीत मूळ इंग्रजी नाव देवनागरीत छापले आणि मराठी पुस्तक दुसऱ्याच नावाने निघालेले असले, तर वाचनालयात आणि दुकानातही ‘नाही’ असेच उत्तर मिळते, पुस्तक मात्र कपाटात असते. ही माहिती सहसा मुखपृष्ठावर नसते. आतल्या नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला, जिथे मुद्रक आणि हक्क यांचा मजकूर असतो, तिथे ती मिळते. पुस्तक सुचवणाऱ्याला त्या एका पानाचा फोटो आणि शेवटच्या पानाचा आकडा पाठवायला सांगितले की काम झाले. तिथे किंवा मागच्या मुखपृष्ठावर ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक (आयएसबीएन) असेल तर तोही घ्यावा. जुन्या पुस्तकांवर तो नसतो, पण असेल तेव्हा नेमकी तीच आवृत्ती मिळते.

पूर्ण की संक्षिप्त, हेही सांगायला हवे. ‘श्यामची आई’चेच घ्या. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात, म्हणजे २०१० अखेर ते संपले. त्यानंतर कोणालाही हे पुस्तक छापता येते, त्यामुळे बाजारात निरनिराळ्या प्रती मिळतात. पूर्ण आहेत, मुलांसाठी आटोपशीर केलेल्या आहेत, चित्रांच्या आहेत. मुखपृष्ठ बघून फरक कळत नाही, ‘संक्षिप्त’ हा शब्द कधी आतल्या पानावर बारीक अक्षरात असतो. ओळखायची खूण सोपी आहे. या पुस्तकात प्रकरणाला ‘रात्र’ म्हटले आहे. अनुक्रमणिका उघडावी आणि या ‘रात्री’ मोजाव्यात. मूळ पुस्तकात ४२ रात्री आहेत. पहिली ‘सावित्रीव्रत’, शेवटची ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. कमी भरल्या तर ती कापलेली प्रत. आणि ४२ म्हणजे सहा आठवडे बरोबर, आपली शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण तेवढीच. रोज रात्री जेवणानंतर एक रात्र मोठ्याने वाचली तर शाळा उघडायच्या सुमारास पुस्तक संपते. हे पुस्तक चौथी-पाचवीच्या मुलाच्या हातात नुसते देण्यापेक्षा घरातल्या कोणी तरी वाचून दाखवणे बरे. सोवळेओवळे, श्राद्धपक्ष, कोकणातले जुने घर यांतले शब्द मुलाला अडतात आणि विचारायला जवळ कोणी नसले की मूल तिसऱ्या-चौथ्या रात्रीलाच थांबते.

पृष्ठसंख्या कशासाठी, तेही सांगतो. सुट्टीत वाचन अर्धवट सुटते ते बहुधा आवड नसल्याने नाही, पुस्तकाची जाडी आणि मुलाचा वेग यांचा मेळ न बसल्याने. वेग घरीच काढता येतो. पुस्तकाच्या मधले पान उघडा, पहिली पाने घेऊ नका, कारण तिथे मजकूर सुटसुटीत असतो. घड्याळ लावून पंधरा मिनिटे मुलाला मनात वाचू द्या आणि पाने मोजा. चार झाली, तर रोज अर्ध्या तासाला आठ, आणि महिन्यातले पाच-सहा दिवस प्रवास, लग्नकार्य, पाहुणे यांत गेले असे धरून पंचवीस दिवसांत दोनशे. अशा मुलाला साडेतीनशे पानांची कादंबरी सुचवली तर ती जूनमध्ये निम्म्यावर पडलेली दिसेल. ऐंशी ते शंभर पानांची दोन पुस्तके दिली तर दोन्ही संपतील, आणि पुस्तक संपवल्याचा आनंद त्या वयात फार मोठा असतो. शब्द अवघड आहेत का, यासाठी पाच बोटांचा हिशेब चालतो: एक पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपायच्या आत पाचही मिटली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी, किंवा मोठ्याने वाचून दाखवायला. टाईपही बघावा. स्वस्त पुनर्मुद्रणात अक्षर बारीक आणि दोन ओळींतले अंतर कमी असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीतल्या आजोबांना ते सारखेच जड जाते.

वर्तमानपत्रातल्या यादीइतकेच काम गावातल्या वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या फळ्यावर होऊ शकते. चार फूट बाय तीन फुटांचा मऊ फळा आणि पोस्टकार्डाच्या आकाराच्या, म्हणजे १४ बाय ९ सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या एवढेच सामान. चिठ्ठीवर वर पुस्तकाची माहिती आणि वाचनालयाचे असेल तर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक. खाली तीन-चार ओळी: पुस्तक कशाविषयी आहे, कोणाला आवडेल, आणि कितव्या पानापर्यंत धीर धरावा. हा शेवटचा मुद्दा वाचकांना सर्वांत उपयोगी पडतो. ‘पहिली तीस पाने संथ आहेत, नदीला पूर येतो तिथून सोडवत नाही’ असे कोणी लिहिले की पुस्तक घरी जाते. ‘अप्रतिम’, ‘वाचनीय’, ‘प्रत्येकाने वाचावे असे’ या शब्दांनी ते कपाटातून हलत नाही. कोपऱ्यात ‘वाचून झाले’, ‘वाचतोय’ किंवा ‘वाचायचे आहे’ यांतले एक लिहायला लावावे. नाही तर अर्धा फळा न वाचलेल्या पुस्तकांच्या शिफारशींनी भरतो.

फळा दर पंधरा दिवसांनी पूर्ण उतरवून नवा लावावा. जुन्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या की लोक बघायचे थांबतात. त्याच त्या चार-पाच पुस्तकांची नावे सारखी येत असतील, तर एका पुस्तकाच्या तीन चिठ्ठ्या झाल्यावर चौथी घेऊ नये. चिठ्ठी पुस्तकाला चिकटवू नये, सेलोटेप तर नकोच. दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि काढताना छपाईचा थर सोबत येतो. टाचणी पावसाळ्यात गंजते आणि पानावर तांबडा ठिपका कायमचा राहतो.

फळा यशस्वी झाला की खरी अडचण येते: वीस माणसांना तेच पुस्तक हवे असते आणि प्रत एकच. अशा पुस्तकांची मुदत सुट्टीपुरती पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आणावी, प्रतीक्षा-वही ठेवावी, आणि वहीत नावापुढे ‘गावी जाणार’ असल्यास त्या तारखा लिहून घ्याव्यात. मे महिन्यात पुस्तक हरवते ते बहुतेक असे: सभासद गावी नेतो, तिथे चुलत भावाला देतो, आणि मग ते थेट गणपतीला परत येते किंवा येतच नाही. गावी जाणाऱ्याला मागणी नसलेली दोन पुस्तके एका महिन्याच्या मुदतीने द्यावीत, मागणीतले देऊ नये.

घराघरांतली पुस्तके एकमेकांना द्यायची असतील तर भिलारकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे घराघरांत साहित्यप्रकार वाटून दिले, कुठे कविता, कुठे चरित्रे, कुठे बालसाहित्य. सोसायटीतही असेच करावे. प्रत्येक घराने सगळी पुस्तके खाली आणून ठेवली की ढीग होतो आणि ढिगातून कोणी निवडत नाही. ‘प्रवासवर्णने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, विज्ञानाची पुस्तके बी विंगमधल्या सरांकडे’ असे ठरले की मुले बेल वाजवतात आणि पुस्तकाबरोबर बोलणेही होते.

व्हॉट्सॲपच्या गटावर यादी फिरवायला हरकत नाही, पण यादीमागून पुस्तकाची पीडीएफ येऊ लागली की तिथेच थांबवावे. हक्क जिवंत असलेल्या पुस्तकाची अशी प्रत वाटणे बेकायदेशीर आहे, आणि मराठी पुस्तकांची आवृत्ती मुळातच लहान असल्याने तो घाव लेखक आणि प्रकाशक दोघांनाही लागतो. हक्क संपलेली बरीच जुनी पुस्तके मराठी विकिस्रोतावर मोकळी आहेत, त्यांचे दुवे खुशाल पाठवावेत.

उन्हाळ्यात पुस्तकाला जपण्याचे दोनच मुद्दे. हल्लीची बहुतेक पुस्तके शिवलेली नसतात, कण्याला गरम डिंक लावून चिकटवलेली असतात. उन्हात उभ्या गाडीत काचेजवळ पुस्तक ठेवले की तो डिंक मऊ होतो आणि पाने सुटतात. दुसरे, पहिल्या पावसात भिजलेले पुस्तक उन्हात ठेवू नये, पाने वाकडी होतात. ते उभे ठेवून पाने पंख्यासारखी उघडावीत, दर दहा-पंधरा पानांत टीपकागद घालावा, कागद ओला झाला की बदलावा, आणि पंख्याच्या वाऱ्यात वाळू द्यावे. दोन-तीन दिवस उशीर झाला तर बुरशी धरते.

शेवटी तारखेबद्दल. आपली यादी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा अर्धी मुले आजोळी पोचलेली असतात. ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात छापली, म्हणजे २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाच्या आत, तर वाचनालयांना प्रती कपाटातून काढून पुढे मांडायला, फाटलेल्या बांधणीला पाठवायला आणि नसलेल्या मागवायला आठ-दहा दिवस मिळतील. निकाल लागून मूल वाचनालयात येईल तेव्हा पुस्तक टेबलावर असेल.

आपला,
एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा