वाडा वाटला, छप्पर कसे वाटणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या वाड्यांवर लिहिताना नक्षीच्या खांबांचे कौतुक होते. वाडा कोणत्या उत्पन्नावर उभा होता, हे राहून जाते. डेन्मार्कच्या जमीनदारी वाड्यांचा इतिहास त्यासाठी पाहावा. तिथे करमाफीचा पूर्ण मान हवा असेल तर वाड्यापासून दोन डॅनिश मैलांत, म्हणजे सुमारे 15 किलोमीटरांत, 200 टोंडर (म्हणजे पिंप) हार्टकॉर्न इतकी कुळांची जमीन लागे. हार्टकॉर्न हे क्षेत्रफळ नव्हे. जमिनीच्या कसावर ठरलेले माप, आपल्या सातबारा उताऱ्यावरच्या ‘आकारा’च्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या आकारणीच्या, जवळचे. 1733 ते 1788 पर्यंत तिथल्या कुळांतल्या ठरावीक वयाच्या पुरुषांना इस्टेट सोडून जाण्याची मुभा नव्हती. ही सक्ती झाकून वाड्याचा इतिहास सांगू नये.

तिथे 1919 च्या कायद्याने वंशपरंपरागत अविभाज्य इस्टेटी विकण्या-वाटण्यास मोकळ्या झाल्या, पण मूल्याचा पाचवा ते चौथा हिस्सा सरकारला गेला आणि सुमारे एक तृतीयांश जमीन मोबदला घेऊन लहान शेतकऱ्यांसाठी सोडावी लागली. ज्युटलंडमधला गॅमेल एस्ट्रुप वाडा 1930 मध्ये संग्रहालय झाला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीचा आपला मुलूख 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. 1 मे 1951 पासून परगणा व कुलकर्णी वतने संपली; 1974 नंतर कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्याने कसणाऱ्यांचा हक्क आणखी पक्का झाला. ते रास्तच झाले. मात्र डागडुजीचा पैसा आटला आणि वाडा वारसांत खणाखणाने वाटला गेला. छप्पर तसे वाटता येत नाही. एकाने आपल्यापुरती कौले काढून पत्रा घातला की सांध्यातून पाणी मधल्या भिंतीत उतरते. ओल दिसली की वर सिमेंटचा गिलावा! मातीच्या भिंतीतली ओल त्यामुळे आतच कोंडते, तुळयांची टोके कुजतात, वाळवी धरते. खानापूरच्या पावसात हे फार लवकर होते. गिलावा चुन्याचाच हवा, कौले मे महिन्यातच परतून घ्यावीत, खांबाखालच्या दगडी तळखड्याभोवती माती साचू देऊ नये. छपराचा खर्च सगळ्या हिस्सेदारांनी मिळून करावा.

दप्तराचेही तेच. मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, भावांत वाटले की वसुली एकाकडे, कुळांच्या याद्या दुसऱ्याकडे जातात आणि दोन्ही निरुपयोगी होतात. रुमालांचा क्रम न मोडता आधी पानापानाचे फोटो घ्यावेत. लॅमिनेशन मात्र मुळीच करू नये. ते काढताना कागद फाटतो.

आपला,
एक वाचक, खानापूर