ट्रेलरचा ब्रेक स्टॉप लाइटच्या तारेवर नको

मा. संपादक,
स. न.

व्हॅनमागे ट्रेलर जोडून आंबा किंवा करूळ घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्या आता दिसू लागल्या आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोलीतल्या कारागिरांनी बांधलेल्या सांगाड्याबद्दल तक्रार नाही. घोटाळा होतो तो वायरिंगमध्ये. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेकचे ड्रम बसवायचे आणि करंट कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचा खर्च टाळून ब्रेकची तार थेट स्टॉप लाइटला जोडायची, हा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे.

ड्रममधला एक मॅग्नेट (करंट मिळताच ब्रेक लावणारे विद्युतचुंबक) साधारण 3 अँपिअर ओढतो. दोन अ‍ॅक्सलना चार मॅग्नेट, म्हणजे 12 अँपिअर. ब्रेक पेडलजवळच्या स्टॉप लाइटच्या स्विचवर एरवी 21 वॉटच्या दोन बल्बांचा, जेमतेम साडेतीन अँपिअरचा भार असतो. तो स्विच जळाला की ट्रेलरचा ब्रेक जातोच, व्हॅनचे स्टॉप लाइटही जातात. शिवाय पेडलला नुसता पाय लागला तरी मॅग्नेटना पूर्ण 12 व्होल्ट मिळतात. गगनबावड्याच्या पावसात अशा वेळी ट्रेलरची चाके जाम होऊन तो आडवा व्हायला वेळ लागत नाही. कंट्रोलर नेमके हेच टाळतो. व्हॅनचा वेग जितका जोरात कमी होईल, तितकाच करंट तो मागे सोडतो.

बसवण्याआधी गाडी 12 व्होल्टची आहे ना, हे पाहावे. मोठ्या बस-ट्रकच्या 24 व्होल्टवर हा कंट्रोलर जळतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून कामाला लागावे. बहुतेक कंट्रोलरना चार तारा असतात. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, आणि बॅटरीजवळच 20 अँपिअरचा सर्किट ब्रेकर (तीन अ‍ॅक्सल असतील तर 30). पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी स्क्रूला नव्हे. निळी मागच्या प्लगच्या ब्रेक पिनला. या तिन्ही तारा किमान 4 चौरस मिलिमीटरच्या हव्यात. बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच पडते आणि ‘ब्रेक धरत नाही’ म्हणून उगाच नवे लायनर टाकले जातात. लाल तार स्टॉप स्विचच्या त्या टोकाला, जिथे पेडल दाबल्यावरच टेस्ट लॅम्प पेटतो. पत्र्यातून तार नेताना भोकात रबर ग्रोमेट (रबरी कडे) हवेच. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको. तारेच्या टोकाला धातूचा लग दाबून (क्रिम्प करून) वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी.

अर्थिंगबद्दल मुद्दाम सांगतो, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच असते. ट्रेलरची अर्थ हुकच्या गोळ्यातून मिळते, असे समजू नये. तिथे ग्रीस असते, रंग असतो आणि प्रत्येक हिसक्याला संपर्क तुटतो. प्लगमधून वेगळी, जाड तार न्यावी.

सेन्सरवाला कंट्रोलर दुहेरी टेपवर चिकटवू नये. तो डुलला की त्याला वेग कमी झाल्याचा भास होतो. स्क्रूने घट्ट, प्रवासाच्या दिशेने, सांगितलेल्या कोनातच बसवावा.

सेटिंगसाठी ट्रेलर भरलेला, रस्ता सपाट, कोरडा आणि मोकळा हवा. ताशी 40 किलोमीटरवर पेडलला पाय न लावता कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबावा. चाके जाम झाली तर गेन (कंट्रोलर मागे किती करंट सोडेल त्याचे सेटिंग) कमी, अन्यथा वाढवत जाम होण्याच्या किंचित अलीकडे ठेवावा. रिकाम्या ट्रेलरला हेच सेटिंग चालत नाही, ते पुन्हा करावे. चालवताना ट्रेलर डोलू लागला, तर व्हॅनचा ब्रेक न मारता हाच लिव्हर हळू दाबावा. ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. घाट उतरताना मात्र तो धरून ठेवू नये. ड्रम तापून ब्रेक ढिला पडतो, त्यामुळे गिअर खालचाच हवा.

हुक सुटला तर ट्रेलर स्वतःच थांबवणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची ट्रेलरवरची बॅटरी याकडे तर कुणी पाहतच नाही. त्याच्या पिनची दोरी ट्रेलरच्या सुरक्षा साखळीला न बांधता व्हॅनच्या चॅसिसला स्वतंत्र बांधावी. तपासताना आधी प्लग काढावा, नाहीतर उलटा करंट जाऊन कंट्रोलर बाद होऊ शकतो.

फॅब्रिकेटर बंधूंना विनंती, की ट्रेलर ताब्यात देण्यापूर्वी निळ्या तारेवर डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारा) लावून लिव्हर पूर्ण दाबलेला असतानाचा आकडा ग्राहकाला लिहून द्यावा. आरटीओनेही ट्रेलरच्या नोंदणीच्या वेळी दिव्यांबरोबर हा आकडा आणि ब्रेकअवेची पिन ओढून चाके थांबतात का, एवढे पाहावे. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर