‘मी थांबते’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

मंगळवारी रात्री तुम्ही फोन ठेवताना मी नुसतं “बरं, ठेवतो” म्हणालो. आभार मानायचं सुचलंच नाही. समोर वर्डच्या वरच्या पट्टीवर ‘ॲक्रोबॅट’ ही अक्षरं परत आली होती आणि अकरा दिवस शोधलेली किल्ली आपल्याच खिशात निघावी तसा मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, पण त्या रात्रीपासून माझ्या तोंडी ताईच बसलंय. ते राहू द्या.

मी संपादक आहे. दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचायची आणि समासात शेरे लिहायचे, हा माझा धंदा. हे हस्तलिखित ३४० पानांचं होतं आणि शेरे चारशेच्या वर. ॲक्रोबॅट म्हणजे वर्डला जोडलेलं, पीडीएफ करायचं सॉफ्टवेअर. त्याच्या टॅबमधून पीडीएफ केली की माझा प्रत्येक शेरा आपल्या जागी छोट्या चिठ्ठीसारखा बसतो. लेखिका ती उघडते, वाचते, मिटते. वर्डच्या स्वतःच्या सोयीनं पीडीएफ केली तर सगळे शेरे समासात छापले जातात, त्यांना जागा करून द्यायला मूळ पान आक्रसतं आणि मजकूर मुंगीएवढा होतो. बरं, सरळ वर्डची फाइलच पाठवावी, तर लेखक माझ्या दुरुस्त्यांची दुरुस्ती करतात. हा वीस वर्षांचा अनुभव आहे, गंमत नाही.

तर हा टॅब एके सकाळी गायब झाला.

तुमच्याआधी मी तिघांना विचारलं. नावं घेत नाही. पहिल्यांनी सांगितलं, “प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ निवडा, तेच ते.” तेच ते नसतं. तसं केलं की अनुक्रमणिकेतल्या ओळीवर टिचकी मारून त्या प्रकरणावर जाता येत नाही, बाजूच्या खुणा जातात, हातात उरतो तो कागदाचा फोटो म्हणावा असा प्रकार. दुसरे म्हणाले, कुठल्या तरी फुकटच्या साइटवर फाइल चढवा, दोन मिनिटांत रूपांतर होईल. अहो, बाईंचं अजून छापून न आलेलं पुस्तक आहे ते! कुणाच्या सर्व्हरवर नेऊन टाकू? तिसऱ्यांनी सगळं काढून पुन्हा टाकायला लावलं. तीन वेळा लावलं. दर वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं: “करून बघा आणि कळवा.” कळवायला फोन केला की उचलायचे नाहीत. एकदा उचलला तेव्हा हसले. “एका बटणासाठी एवढं?”

तुमचा नंबर त्या लेखिकेनंच दिला. मी फोन केला तो जवळजवळ भांडायच्या तयारीनं. तुम्ही विचारलंत, “काका, ते बटण तुम्हाला शेवटचं कधी दिसलं होतं?”

हे कुणीच विचारलं नव्हतं. कुठली आवृत्ती, किती बिट, पैसे भरलेत का, सगळं विचारून झालं होतं. शेवटचं कधी दिसलं, हे मी मलासुद्धा विचारलं नव्हतं. मग आठवलं. आदल्या रात्री रूपांतर अर्ध्यावर अडकलं होतं, मी कंटाळून लॅपटॉपचं बटण दाबून धरलं आणि तो तसाच बंद केला. सकाळी वर्ड उघडताना पडद्यावर इंग्रजीत लांबलचक काहीतरी आलं होतं. या ॲड-इनमुळे, म्हणजे वर्डला जोडलेल्या ॲक्रोबॅटमुळे, गंभीर अडचण आली होती, ते बंद करायचं का, अशा अर्थाचं. मी चहाच्या नादात ‘येस’ दाबलं.

हे सांगताना मला शरम वाटली. दिवसभर दुसऱ्यांना ‘नीट वाचा’ म्हणणारा माणूस मी. तुम्ही म्हणालात, “गंभीर अडचण असं लिहिलं असेल तर मीही येसच दाबलं असतं.” आणि लगेच पुढच्या कामाला लागलात.

पुढचं काम म्हणजे ऑप्शन्समध्ये खोल कुठेतरी एक यादी होती, वर्डनं बंद करून ठेवलेल्या गोष्टींची. पांढऱ्या चौकटीत एकच ओळ. माझं ॲड-इन तिथे एकटं बसलं होतं. ही यादी वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेली असते, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं तरी ती तशीच राहू शकते, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे मी तीन वेळा घर पाडून नवं बांधलं आणि फाटकाची कडी बाहेरून लावलेलीच राहिली!

पण हे पत्र त्या यादीसाठी नाही. ओळ निवडून झाली, दुसऱ्या यादीत खूण करून झाली, आणि तुम्ही म्हणालात, “आता वर्ड पूर्ण बंद करा, परत उघडा. मी थांबते.”

माझा लॅपटॉप म्हातारा आहे. त्याला उठायला वेळ लागतो. मी संकोचून म्हटलं, उघडलं की कळवतो, तुमचा वेळ जातोय. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. थांबते. तुमच्याकडे मागे कुणीतरी लहान मूल बाराचा पाढा म्हणत होतं. बारा साते... बारा साते... तुम्ही फोन थोडा बाजूला नेऊन हळूच “चौऱ्याऐंशी” म्हणालात, मग परत मला, “हं काका, आलं का?”

नव्हतं आलं. मग गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसण्याऐवजी तुम्ही मला गोष्ट सांगितलीत. वर्डमधून पीडीएफची सोय जाण्याची ही काही पहिली वेळ नाही म्हणे. ऑफिस २००७ तयार होत होतं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं ही सोय आतच दिली होती, पण २००६ मध्ये ॲक्रोबॅट बनवणाऱ्या अडोबी कंपनीशी वाद झाला आणि ती काढून वेगळी, फुकट उतरवून घ्यायची ठेवावी लागली. २००९ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे दुरुस्त्यांच्या संचात, ती पुन्हा आत आली. “तुमचं अकरा दिवसांत आलं. त्यांना जवळजवळ तीन वर्षं लागली,” असं म्हणालात. अजून आलं नव्हतं, पण तुम्ही ‘आलं’ म्हणालात, हे माझ्या लक्षात आहे.

आणि आलंच.

जाणकार माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. उत्तर फेकून पुढे जाणारीच जास्त. त्यांचंही बरोबर असेल, त्यांना दिवसाला पन्नास फोन येत असतील. पण समोरच्याचं काम होईपर्यंत फोनवर नुसतं असणं, काही न करता, मुलाचा पाढा ऐकत, याला कुठलं कौशल्य लागत नाही आणि तरी ते सहसा मिळत नाही. दवाखान्यात नाही, बँकेत नाही, खिडकीपलीकडे कुठेच नाही. माझे वडील शाळेत शिपाई होते. कुणी पत्ता विचारला की ते वळणापर्यंत सोबत चालत जायचे. त्यांची मला त्या रात्री किती वर्षांनी आठवण झाली.

लेखिकेची फाइल परवा परत आली. चारशेपैकी साठेक शेऱ्यांवर तिनं वाद घातलाय. जोरात चाललंय आमचं.

आणि काल वर्डनं उघडता उघडता पुन्हा एक प्रश्न विचारला. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. फाँटबद्दल होता.

तुम्हाला पाठवलेली या पत्राची प्रत अर्थातच त्याच टॅबमधून पीडीएफ केली आहे. पहिल्या पानावर समासात एक पिवळी चिठ्ठी आहे, ती तुमच्यासाठी नाही. बाराचा पाढा म्हणणाऱ्याला उघडायला द्या.

तुमचा,
येस दाबणारा काका