निळ्या 'ई'ची सवय

पुणे, ५ ऑक्टोबर २०२४

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगायला बसलो की तू तिसऱ्या वाक्याला क्रिकेटवर जातोस, म्हणून लिहूनच पाठवतोय. नीट वाच, आणि वाचून झाल्यावर वाचनालयाच्या फाइलला लावून ठेव.

कार्यवाह झालास, बरं वाटलं. वाचनालयात सहा कॉम्प्युटर, चारांवर विंडोज ७, दोनांवर त्याहून जुनी विंडोज एक्सपी, आणि सगळ्यांवर अजून तो निळा 'ई', म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. तू विचारतोस, "त्याच्या जागी फायरफॉक्स ब्राउझर टाकला की झालं ना?" अर्धंच झालं.

आधी त्या 'ई'ची बाजू घेतो, कारण त्याला शिव्या देणं फारच सोपं आहे. आठवतं, कॉलेजात असताना सायबर कॅफेत मराठी पेपर वाचायला जायचो? तेव्हा प्रत्येक पेपरचा फाँट वेगळा. साइट पानाबरोबर फाँटही पाठवायची, पण तो मायक्रोसॉफ्टच्या ईओटी प्रकारातला, आणि तो कळायचा फक्त एक्सप्लोररला. मी हौसेनं फायरफॉक्स उघडला की बातमीच्या जागी अक्षरांचा नुसता काला. पुढे फायरफॉक्सला जोडायचं 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन मिळालं, ते असल्या पानांचं युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणारी अक्षरं, करून द्यायचं. पण ते किती जणांना ठाऊक होतं? मराठी माणूस एक्सप्लोररला चिकटला तो निव्वळ आळसानं नाही. पेपर युनिकोडवर आले आणि ते कारण संपलं. सवय तेवढी राहिली.

ती सवय काय चीज असते ते मी आमच्या इथल्या एका पतसंस्थेत बघितलं. २०१२ साल. तिथल्या काकांचा एक्सपी जाहिरातींनी भरलेला. काही उघडलं की आधी चार खिडक्या बंद करायच्या, मग काम. मी फायरफॉक्स टाकला. काका म्हणाले, "हे कोल्ह्याचं नको, माझं इंटरनेट कुठं गेलं?" त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे ते चिन्हच. मग मी शहाणपणा केला. फायरफॉक्सच्या शॉर्टकटचं चिन्ह बदलून निळा 'ई' लावला, खाली नाव लिहिलं 'इंटरनेट', आणि खरा 'ई' डेस्कटॉपवरून उडवला. काका खूश. मी तर इतका खूश की ही युक्ती चार जणांना सांगितली. तुलाही सांगितली असणार.

पुढच्या वर्षी मशीन बिघडलं. दुरुस्तीवाल्या पोरानं फॉरमॅट मारून कपाटातल्या सीडीवरून एक्सपी परत टाकला. त्या सीडीत एक्सप्लोरर ६, म्हणजे २००१ चा! डेस्कटॉपवर निळा 'ई' परत आला आणि काकांनी त्यावर निवांत क्लिक केलं. मी दोन महिन्यांनी सहज डोकावलो तर वर तीन टूलबार, आणि काका म्हणतात, "नेट जरा मंद झालंय, बाकी तेच आहे." त्यांना काही बदललं होतं हेच माहीत नव्हतं, तर परत जुनं आलंय हे कसं कळणार? चूक माझी होती. (त्या एक्सप्लोररवर पाणी सोडा म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्ट तेव्हा लोकांच्या मागे लागली होती. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात तर त्यांनी जाहिरातच केली की नऊ वर्षांचं दूध पिणार नाही, मग नऊ वर्षांचा ब्राउझर कशाला वापरता.)

म्हणून तुझ्याकडे चिन्हांची लपवाछपवी नको. ग्रंथपाल मावशींना शेजारी बसवून सांग की हे दुसरं आहे, याचं नाव हे, जुनं का बंद केलं ते असं. त्यांचे फेव्हरिट्स आधी त्यांच्यासमोर फायरफॉक्समध्ये आण. आपली नेहमीची पानं जागेवर दिसली की माणूस निम्मा शांत होतो. मग कंट्रोल पॅनलमधल्या विंडोज फीचर्समध्ये जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर ११ ची खूण काढ. हे विंडोज ७ वर जमतं.

आता उरलेलं अर्धं. साइटशी सुरक्षित बोलायची कुलूपकिल्ली एक्सप्लोरर विंडोजकडून उसनी घेतो. एक्सपीकडची कुलपं इतकी जुनी, की आजच्या बहुतेक साइट त्याच्याशी बोलतच नाहीत. 'पेज कॅनॉट बी डिस्प्लेड' येतं आणि लोक वायर हलवत बसतात. फायरफॉक्स स्वतःची कुलपं घेऊन येतो, म्हणून तो जुन्या विंडोजवरही पुष्कळ काळ चालला. पण कुलूप नवं असलं तरी भिंत, म्हणजे विंडोज, तीच ना? एक्सपीचं दुरुस्तीकाम एप्रिल २०१४ मध्ये थांबलं, विंडोज ७ चं जानेवारी २०२० मध्ये. एक्सपीवर क्रोम ४९ व्या आवृत्तीला थांबला आणि फायरफॉक्स ५२ व्या. विंडोज ७ वर क्रोम १०९ शेवटचा. फायरफॉक्सनं मात्र ११५ ची ईएसआर शाखा (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) विंडोज ७ साठी जपली, आणि आणखी काही काळ सुरक्षेची दुरुस्ती देऊ असं म्हटलं. तेव्हा चार मशीनवर आज तोच टाक, पण मुक्काम समजून. घर समजून नको.

घर म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी टाकायची फुकट प्रणाली. तोंड वाकडं करू नकोस. तू लिहिलंस की विंडोज ७ च्या चारही मशीनचे प्रोसेसर कोअर टू ड्युओ आहेत. ते प्रोसेसर ६४ बिटचे असतात, वर विंडोज ३२ बिटची टाकलेली असली तरी. रॅम दोनाची चार जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली की लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मजेत चालेल. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहेच.

एक्सपीचे दोन मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्यावर तुमची पुस्तकांची जुनी नोंदवही आहे, तीही जुन्या फाँटमध्ये. ती नव्या मशीनवर उघडली की पुन्हा तोच अक्षरांचा काला. ते नोंदवहीपुरते ठेव, नेटशिवाय.

आणखी एक. तू म्हणालास की एका मशीनवर कुठलीही साइट उघडली तरी सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) तक्रार येते, ब्राउझर कुठलाही असो. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघ. माझी पैज, तिथं २००५-०६ च्या आसपासचा १ जानेवारी असेल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, मेलेला असतो. मशीन स्वतःला वीस वर्षं मागं समजतं आणि आजचं सर्टिफिकेट त्याला 'अजून लागू नाही' असं दिसतं. पूर्वी अशा मशीनवर मी दोनदा विंडोज नव्यानं टाकून बसलोय, हे कुणाला सांगू नकोस.

मी दिवाळीत येतोच आहे. सेल आणि मिंटचा पेनड्राइव्ह मी आणतो, रॅमचं तू मंडळाकडून मंजूर करून घे. तोवर दोन्ही एक्सपींच्या नेटच्या वायरी काढून तुझ्या घरी माळ्यावर टाक. वाचनालयात ठेवल्यास तर शिपाई त्या परत जोडेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या