वकीलताई, तुम्ही तो कागद मोठ्याने वाचलात

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मीच टाइप केलंय. फोन एकेक अक्षर बोलून दाखवतो, त्याच्या भरवशावर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मला आला तसा कागद आणखी कुणाच्या हाती पडला असेल, तर त्यांनाही हे कळावं.

पहिल्या दिवशी दादा सोबत होता. "काय झालंय?" तुम्ही विचारलंत आणि सवयीने दादाच सांगायला लागला. नजर गेल्यापासून ही रीतच पडली होती. प्रश्न माझ्याबद्दल असला तरी उत्तर दुसरंच कुणी द्यायचं. तुम्ही म्हणालात, "दादा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला ताईंकडून ऐकायचंय." दादा फुगला. (अजून पुरता उतरलेला नाही.)

मग तुम्ही तो कागद मागितलात. नवऱ्याकडून आलेला, परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज. ‘नुसती सही करायची आहे, बोट आम्ही बरोबर जागेवर ठेवतो,’ असा निरोपही सोबत आला होता. तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचत गेलात, सावकाश. तिसऱ्या पानावर थांबलात. म्हणालात, "हे पुन्हा वाचते." ‘अर्जदार क्रमांक 2 हिने पोटगी, स्त्रीधन व राहत्या घरातील सर्व हक्क स्वखुशीने सोडले आहेत.’

स्वखुशीने! माझी खुशी मलाच तेव्हा कळली.

मी घाबरून आधी फीचं विचारलं होतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला आणि अपंग व्यक्तीलाही मोफत वकील मिळतो, त्याला मिळकतीची अट नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. "तुम्ही तर दोन्ही दारांतून आत येता," असं म्हणून तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या आंधळेपणावर माझ्यासोबत हसलं.

सही झाली नाही म्हणून नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा लावला. दिसत नाही हेच कारण पुरेल, असं मी धरून चालले होते. तुम्ही हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 वाचून दाखवलंत. त्यात अंधत्व नाही, पांगळेपण नाही. कुष्ठरोग होता, तोही 2019 मध्ये काढला. मानसिक आजार आहे, पण नुसत्या निदानाच्या चिठ्ठीवर घटस्फोट मिळत नाही. सोबत राहणं खरोखर अशक्य व्हावं इतका तो आजार गंभीर आहे, हे सिद्ध करावं लागतं. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून मी पिशवी भरूनच ठेवली होती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, नाव कुणाचंही असो, आणि कायद्याची रीत पाळल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, हे ऐकलं त्या संध्याकाळी पिशवी रिकामी केली.

सगळ्यात जास्त आठवतं ते अंतरिम पोटगीच्या, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या पोटगीच्या, अर्जाचं काम. त्यासाठीचं हिंदू विवाह कायद्याचं कलम 24 नवऱ्यालाही लागू आहे, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. अपंग नवऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात अपंगत्व-आजारपणाचीही माहिती असते. त्या एका मुद्द्यावर तुम्ही मला तासभर बसवलंत. टपाल कोण वाचतं? बँकेत सोबत कोण येतं? औषधाच्या पट्टीवरची तारीख कोण बघतं? "सगळं दादाच करतो, त्याला खर्च कसला," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "दादा फुकट करतात म्हणून तो खर्च नाही, असं होत नाही. लिहा." दाराबाहेर दादा खाकरला.

समुपदेशकांनी मुलीचं काढलं. दिसत नसताना सांभाळणार कशी? तुम्ही मध्ये बोलला नाहीत, मला बोलू दिलंत. मी लेकीला जवळ घेतलं, तिची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मग तुम्ही शांतपणे अपंगांच्या हक्कांसाठीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम 23 पुढे केलंत. आईबापाच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल तोडता येत नाही, असं त्यात आहे आणि भारताने 2007 मध्ये तो मान्य केलाय. माझी मात्र वेणी जरा तिरकी झाली होती. लेकीने घरी आल्यावर सांगितलं.

दावा अजून चालू आहे. पोटगी मात्र सुरू झाली, अर्जाच्या तारखेपासून धरून.

आणि एक. तुम्ही मला कागदांचे फोटो न पाठवता टाइप केलेली फाईल पाठवता. माझा फोन फोटोतलं नीट वाचत नाही, हे मी एकदाच बोलले होते. त्यामुळे आता प्रत्येक कागद दादाच्या आधी मी वाचते.

पुढच्या तारखेची कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, काल ऐकली. चौथ्या परिच्छेदात माझ्या लग्नाचं वर्ष चुकलंय. दाखल करण्याआधी तेवढं दुरुस्त करा.

आपली,
अर्जदार क्रमांक 2 न झालेली